फितीचा रंग आणि ओळखपत्रावरचे नाव: एलजीबीटी कर्मचारी गटावरून झालेल्या मतभेदांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्या संस्थेत घडले ती अभियांत्रिकी आरेखन आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर तयार करणारी मध्यम आकाराची संस्था असून तिची कार्यालये एकाहून अधिक देशांत आहेत. संस्थेची आणि तिथल्या माणसांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. मला मध्यस्थ म्हणून बोलावण्यात आले तेव्हा वाद सुरू होऊन नऊ दिवस झाले होते आणि दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या आहेत असे मला सांगण्यात आले. 'दोन्ही बाजू' हे शब्द मीही पहिल्या दिवशी सर्रास वापरले. बाजू दोन नव्हत्या, हे कळायला मला बराच वेळ लागला.

संस्थेतील एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी) कर्मचारी गट त्याआधी सुमारे चार वर्षे चालू होता. सुरुवातीला त्याला गट म्हणणेही जास्तीचे झाले असते. सात-आठ जण जेवणाच्या सुट्टीत एका छोट्या बैठकीच्या खोलीत जमत, दार लावून घेत आणि खोलीच्या नोंदवहीत बैठकीचा विषय म्हणून 'प्रकल्प आढावा' असे लिहीत. बोलणे बहुधा अगदी साध्या गोष्टींचे असे: सुट्टी कशी गेली असे सोमवारी सकाळी कोणी विचारले तर जोडीदाराचे नाव घ्यायचे की 'एका मित्राबरोबर' म्हणून वेळ मारून न्यायची, जोडीदार रुग्णालयात असताना रजेच्या अर्जातल्या 'नाते' या रकान्यात काय लिहायचे. असे गट जगात नवे नाहीत. अमेरिकेत झेरॉक्ससारख्या कंपन्यांत कृष्णवर्णीय कर्मचारी १९७०च्या सुमारास संघटित होऊ लागले होते आणि समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जुन्या गटांमध्ये ह्युलेट-पॅकार्डमधील १९७८ सालच्या गटाचे नाव घेतले जाते. बहुतेकांचा जन्म असाच, बंद दारामागच्या गप्पांतून झालेला असतो.

दोन वर्षांनी व्यवस्थापनाने गटाला अधिकृत मान्यता दिली. त्याबरोबर थोडा निधी आला, वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक जण गटाचे पाठीराखे म्हणून नेमले गेले, आणि 'विविधता व समावेशन' हे त्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक उद्दिष्टांतले एक कलम झाले. हा सगळा बदल सद्भावनेने झाला, याविषयी मला शंका नाही. पण त्यामुळे गटाच्या अंगावर तीन कामे एकदम येऊन पडली. सदस्यांना आधार द्यायचा, धोरणांविषयी मनुष्यबळ विभागाला सल्ला द्यायचा, आणि ग्राहकांना व नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवारांना संस्थेचा मोकळेपणा दाखवून द्यायचा. यांतले पहिले काम गुप्ततेशिवाय होत नाही आणि तिसरे गाजावाजाशिवाय होत नाही. ही दोन्ही कामे एकाच यादीतल्या, एकाच ईमेल पत्त्यावरच्या माणसांनी करायची होती, आणि त्यात काही अडचण येईल असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

प्रसंग

मान्यतेनंतरच्या दुसऱ्या जूनमध्ये ही घटना घडली. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी घातलेला छापा आणि त्याला झालेला प्रतिकार यांच्या स्मरणार्थ हा महिना अनेक देशांत साजरा केला जातो. पाठीराख्या अधिकाऱ्यांनी असे ठरवले की महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सर्वांच्या ओळखपत्रांच्या राखाडी फिती बदलून एलजीबीटी समुदायाची खूण असलेल्या सहा रंगांच्या फिती द्यायच्या. गटातील दोघांनी 'ज्यांना हव्यात त्यांनाच द्याव्यात' असे सुचवले होते, आणि बैठकीच्या इतिवृत्तात त्यापुढे 'ऐच्छिक राहील' अशी नोंदही आहे. ऐच्छिक म्हणजे नेमके काय, हे मात्र स्वागतकक्षाला गेलेल्या दोन ओळींच्या सूचनेत ठरले: 'सर्वांना नवी फीत द्यावी. कोणी नको म्हटल्यास जुनी राहू द्यावी.'

टेबलावर दोन खोकी ठेवली होती. पुढचे खोके नव्या फितींनी भरलेले होते, मागचे रिकामे होते आणि काढून दिलेल्या राखाडी फिती त्यात टाकायच्या होत्या. सकाळी साडेआठ ते साडेनऊ ही सगळ्यांची येण्याची वेळ असल्याने रांग लागली. नवी फीत घ्यायची तर नुसता हात पुढे करायचा होता. नको असेल तर मागे उभ्या असलेल्या चार-पाच जणांच्या देखत तोंड उघडून तसे सांगावे लागत होते. दुपारपर्यंत राखाडी फितीत कोण कोण फिरत आहे, हे मजल्यामजल्यावर माहीत झाले होते.

चाचणी विभागातील एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी फीत नाकारली. ते संस्थेत एकोणीस वर्षे होते आणि त्यांच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. दुपारच्या बैठकीत त्यांच्या गटप्रमुखांनी हसत विचारले, "तुम्ही अजून राखाडीच?" आणि खोलीत हशा पिकला. संध्याकाळी त्या गृहस्थांनी सर्व कर्मचाऱ्यांच्या यादीवर तीन परिच्छेदांचा ईमेल पाठवला. आपण कोणत्याही सहकाऱ्याशी वेगळे वागलेलो नाही आणि वागणारही नाही. विवाह आणि कुटुंब यांविषयी आपल्या धर्माची शिकवण वेगळी आहे, पण ती आपण कार्यालयात कधी कोणाला ऐकवलेली नाही. 'मला गप्प राहता येत होते, ती सोयही आज सकाळी काढून घेतली गेली', असा त्याचा आशय होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच यादीवर साठहून अधिक उत्तरे आली. त्यांतले एक उत्तर एवढेच होते: 'अशा लोकांना इथे जागा नसावी.' लिहिणाऱ्याचा रोख ईमेल लिहिणाऱ्या ज्येष्ठांवर होता. पण ते वाक्य गटातील किमान तिघांनी स्वतःविषयी लिहिलेले समजून वाचले, आणि त्यांतला एक जण त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेला. साठ उत्तरांतून गोळा होणार नाही एवढे प्रकरणाचे सार त्या एका ओळीच्या दुहेरी वाचनात मला सापडले.

तिसऱ्या दिवशी काही कर्मचाऱ्यांनी मनुष्यबळ विभागाकडे अर्ज दिला की एलजीबीटी गटाला ज्या सोयी आहेत त्याच आमच्या प्रार्थना गटालाही मिळाव्यात. चौथ्या दिवशी सर्वांची यादी बंद करण्यात आली.

कोणाचे काय म्हणणे होते

मी एकंदर तेवीस जणांशी एकेकट्याने बोललो. समोरासमोर बसवून समेट घडवावा असा व्यवस्थापनाचा आग्रह होता, तो मी मानला नाही. ज्यांना आपली ओळखच उघड करायची नाही अशांना समेटाच्या बैठकीला बोलावणे म्हणजे ती उघड करायला लावणे होते.

गटाच्या संयोजक बाईंचे म्हणणे सर्वांत नेटके होते. त्यांनी सांगितले की ज्याला तटस्थता म्हणतात ती बहुसंख्याकांच्याच सोयीची असते. "लोक टेबलावर लग्नाचा फोटो ठेवतात तेव्हा कोणी म्हणत नाही की हे आपली भूमिका मांडतायत. मी माझ्या जोडीदाराचा ठेवला की ती भूमिका होते." नवीन आलेल्या, घाबरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी चार गळ्यांत ती फीत दिसावी आणि 'प्रकल्प आढावा' लिहिण्याची वेळ पुन्हा कोणावर येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. मला तो पटला. खूण म्हणून त्या फितीचे मोल खरेच होते. पण ती सगळ्यांच्या गळ्यात घातली की खूण म्हणून तिचा उपयोग संपतो, कारण जी फीत सर्वांना आपोआप मिळते ती पाहून घाबरलेल्या माणसाला काहीच कळत नाही. हे मी त्यांना म्हणालो, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "हे आमच्यातल्या दोघांनी सांगितलंच होतं."

चाचणी विभागातील ज्येष्ठांशी मी दोनदा बोललो. पहिल्या भेटीत ते फक्त तत्त्वाविषयी बोलले. दुसऱ्या भेटीत, बऱ्याच वेळाने, त्यांनी सांगितले की ईमेल फितीमुळे लिहिलाच नव्हता, बैठकीतल्या त्या हशामुळे लिहिला. गटप्रमुखांनी ते वाक्य उच्चारले नसते तर हे गृहस्थ राखाडी फीत घालून मुकाट्याने कामाला लागले असते, असे माझे मत झाले. पुष्कळदा तत्त्वाचा वाद हा अपमानाचा वाद असतो आणि तो तत्त्वाच्या भाषेत मांडणे माणसाला कमी लाजिरवाणे वाटते.

तिसरे मत मला अनपेक्षित होते. एक समलिंगी पुरुष कर्मचारी, ज्यांच्याविषयी कार्यालयात फक्त दोघांना माहीत होते, त्यांचा फितीला त्या ज्येष्ठांपेक्षाही कडवा विरोध होता. रंगीत फीत उत्साहाने घ्यावी तर लोक नजर रोखतील, नाकारावी तर आपल्याच माणसांविरुद्ध उभे राहिल्यासारखे होईल. त्या सकाळी ते रांग पाहून परत फिरले आणि पार्किंगमध्ये पंचवीस मिनिटे गाडीत बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी फीत घेतली. त्यांनी आणि त्या ज्येष्ठांनी मागितलेली गोष्ट शब्दशः एकच होती: मला गप्प राहता आले पाहिजे.

आणि मग आरेखन विभागातील एक सहकारी. त्या पारलिंगी स्त्री असून दीड वर्षापूर्वी त्यांनी आपले नाव बदलल्याचे विभागात सर्वांना सांगितले होते. विभागाने ते विनातक्रार स्वीकारलेही होते. वादाविषयी काय वाटते असे मी विचारल्यावर त्यांनी गळ्यातली सहा रंगांची फीत वर उचलली आणि तिला लटकणारे ओळखपत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवले. त्यावर त्यांचे जुने नाव छापलेले होते. "गेली दीड वर्षं मी एवढंच मागतेय. फीत एका दिवसात आली."

काही जणांचे म्हणणे असे होते की कामाच्या ठिकाणी असे गटच नसावेत, माणसे कामावरून ओळखली जावीत. हे मत मांडणारे सगळे द्वेषाने बोलत नव्हते. एकाने तर असा रास्त मुद्दा काढला की गटाचे काम करणाऱ्यांचा वेळ कोणी मोजत नाही आणि बढतीच्या वेळी तोच त्यांच्या आड येतो.

कायद्यातून काय हाती लागले

संस्थेच्या वकिलांनी एक लांबलचक टिपण तयार केले होते. वेगवेगळ्या देशांत नियम वेगवेगळे असल्याने त्यातून थेट उत्तर मिळणार नव्हते, पण काही गोष्टी विचाराला उपयोगी पडल्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ सालच्या १११व्या करारात नोकरीतील भेदभावाचे सात आधार नावानिशी दिले आहेत, त्यांत धर्म आणि राजकीय मत आहे, लैंगिक कल नाही. सदस्य देशांना इतर आधार जोडण्याची मुभा मात्र आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या रोजगार समानता निर्देशात धर्म किंवा श्रद्धा आणि लैंगिक कल हे एकाच यादीत बसले आहेत. ब्रिटनच्या २०१० सालच्या समानता कायद्यातील नऊ संरक्षित वैशिष्ट्यांतही दोन्ही आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२०मध्ये बोस्टॉक खटल्यात समलिंगी किंवा पारलिंगी असल्यावरून नोकरीतून काढणे हा लिंगाधारित भेदभाव ठरवला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले आणि २०१९ सालच्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली.

म्हणजे ज्या दोघांना आपण एकमेकांविरुद्ध उभे समजत होतो, त्या दोघांनाही बऱ्याच ठिकाणी कायद्याचे संरक्षण होते. अशा वेळी मला तीन निवाडे अधिक कामाचे वाटले. ह्युलेट-पॅकार्डच्या एका कार्यालयात विविधतेविषयीच्या भित्तिपत्रकांना उत्तर म्हणून एका कर्मचाऱ्याने आपल्या जागेवर बायबलमधील वचने लावली, ती समलिंगी सहकाऱ्यांना बोचावीत हाच हेतू असल्याचे मान्य केले आणि काढण्यास नकार दिला. अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २००४ साली त्याची बडतर्फी योग्य ठरवली. जनरल मोटर्सने ख्रिस्ती कर्मचाऱ्यांच्या गटाला मान्यता नाकारली, तेव्हा कंपनी कोणत्याच धर्माच्या गटाला मान्यता देत नाही या कारणाने सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २००५ साली तो भेदभाव मानला नाही. तिसरा निवाडा नोकरीविषयीचा नव्हताच. उत्तर आयर्लंडमधील एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहिण्यास नकार दिला होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे म्हटले की नकार माणसाला नव्हता, मजकुराला होता, आणि न पटणारा मजकूर कोणाकडून वदवून घेता येत नाही.

या शेवटच्या भेदाने मला वाट दाखवली. सहकाऱ्याशी नीट वागणे, त्याला त्याच्या नावाने हाक मारणे, त्याच्याबरोबर काम करणे हे संस्था सर्वांकडून निःशंक मागू शकते. गळ्यात मजकूर घालणे मागू शकत नाही. नाव आणि मजकूर यांतली रेघ प्रत्येक वेळी इतकी स्पष्ट नसते, हे मला मान्य आहे. पण आमच्यापुढच्या प्रसंगात ती होती.

पुढे आलेले पर्याय

पाठीराख्या अधिकाऱ्यांना ज्येष्ठ कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई हवी होती. ईमेल मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात कोणाचे नाव नव्हते, शिवी नव्हती, कोणाला काढा असे म्हटलेले नव्हते. यादीचा गैरवापर एवढाच आक्षेप टिकत होता, आणि तो उत्तर देणाऱ्या साठ जणांनाही लागू होता. मनुष्यबळ विभागाचा कल सगळे कर्मचारी गट वर्षभर स्थगित ठेवण्याकडे होता. यात शांतता विकत मिळाली असती, पण किंमत ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांनी चुकवली असती.

तिसरा पर्याय असा होता की फिती ठेवायच्या, पण देण्याची रीत बदलायची. येथे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे उदाहरण चर्चेत आले. लंडनच्या एव्हलिना बालरुग्णालयातून २०१८ साली सुरू झालेल्या तिथल्या इंद्रधनुषी बिल्ल्याच्या उपक्रमात बिल्ला सरसकट वाटला जात नव्हता. तो लावणाऱ्याने आपणहून नाव नोंदवायचे आणि 'माझ्याशी बोलता येईल' ही जबाबदारी समजून घ्यायची, अशी ती रीत. प्रार्थना गटाच्या अर्जावर मात्र कोणालाच बोलायचे नव्हते. जनरल मोटर्ससारखी सरसकट बंदी घालणे सोपे होते आणि वकिलांचाही तोच सल्ला होता.

घेतलेले निर्णय

ज्येष्ठ कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली नाही. गटप्रमुखांना बैठकीतल्या वाक्याबद्दल लेखी समज देण्यात आली, तसेच 'अशा लोकांना' लिहिणाऱ्यालाही. ही दुसरी समज गटातील काहींना बोचली, कारण लिहिणारा त्यांच्या बाजूने बोलत होता. पण वागणुकीचा नियम करायचा तर तो बाजू पाहून लावता येत नाही.

स्वागतकक्षातली खोकी उचलली गेली. सर्वांची फीत पुन्हा राखाडी झाली आणि ज्यांना रंगीत हवी त्यांनी गटाकडे मागावी असे ठरले. संयोजक बाईंना ही माघार वाटली आणि त्यांनी तसे लेखी कळवले. त्यांचे ते पत्र मी अहवालाला जोडले.

गटाची तीन कामे वेगळी करण्यात आली. आधार देणारे मंडळ बंद दाराचे झाले. त्याची यादी मनुष्यबळ विभागाकडेही नसते, निधी खोलीच्या नावावर जातो, माणसांच्या नाही. धोरणाविषयी सल्ला देणारी समिती उघड आहे आणि तिच्या कामाचे तास कामाच्या वेळेत धरले जातात. बाहेर मिरवायच्या कार्यक्रमांची जबाबदारी संस्थेच्या संपर्क विभागाकडे गेली, जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती.

प्रार्थना गटाबाबत मी वकिलांच्या सल्ल्याविरुद्ध शिफारस केली आणि ती थोड्या फरकाने मान्य झाली. कोणताही गट चालेल, पण तो सर्वांना खुला असावा, त्याने सदस्यांच्या कामावरच्या अनुभवाशी संबंध ठेवावा आणि इतर सहकाऱ्यांनी कसे असावे याविषयी मोहीम चालवू नये, असा एकच नियम सर्व गटांना लावण्यात आला. शेवटची अट एलजीबीटी गटालाही लागू आहे आणि ती लिहिताना त्यांच्याशी सर्वांत जास्त वाद झाला, कारण 'आम्हाला समान वागवा' ही मागणी मोहीम मानायची का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. संस्थेच्या धोरणात आधीच मान्य असलेली गोष्ट मागणे ही मोहीम नव्हे, असे एक वाक्य त्यामुळे नियमात घालावे लागले.

ओळखपत्रावरचे नाव बदलायला पाच महिने लागले. त्यामागे कोणाचाही विरोध नव्हता. वेतनप्रणालीत नावासाठी एकच रकाना होता आणि वेतनपत्रक, हजेरी, ईमेल, ओळखपत्र हे सगळे त्याच रकान्यातून नाव उचलत होते. कायदेशीर नाव बदलल्याशिवाय त्या रकान्याला कोणी हात लावत नव्हते आणि कायदेशीर बदलाला ज्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे वेळ लागतो. शेवटी 'वापरातले नाव' असा दुसरा रकाना तयार झाला. लग्नानंतर नाव न बदललेल्या, टोपणनावानेच ओळखल्या जाणाऱ्या आणि नाव रकान्यात न मावणाऱ्या कितीतरी लोकांनी पहिल्या महिन्यात त्याचा उपयोग करून घेतला. चाचणी विभागातील ज्येष्ठ त्यांत होते. त्यांचे नाव एकोणीस वर्षे शेवटचे अक्षर कापून छापले जात होते.

परिणाम

वर्षभरानंतरचे चित्र संमिश्र आहे. पाठीराख्या अधिकाऱ्यांनी ती जबाबदारी सोडली. प्रार्थना गट नियमावरून फुटला. निम्म्यांना मोहीम न चालवण्याची अट मान्य नव्हती, उरलेले आठवड्यातून एकदा भेटतात. बंद दाराच्या मंडळात किती लोक येतात हे नियमाप्रमाणे कोणालाच विचारता येत नाही, त्यामुळे यश मोजून दाखवा म्हणणाऱ्या व्यवस्थापनाची पंचाईत झाली आहे. ज्येष्ठ कर्मचारी आणि संयोजक बाई यांच्यात मैत्री झालेली नाही. एका प्रकल्पावर त्यांनी चार महिने एकत्र काम केले आणि त्या कामाविषयी कोणाचीही तक्रार आली नाही.

लेखाविभागातील एक तरुण कर्मचारी या सगळ्यात हरवली. गटाच्या ईमेल पत्त्यावर कोण कोण आहे, हे संस्थेच्या निर्देशिकेत एका क्लिकवर कोणालाही दिसत होते. वाद पेटल्यावर काही जणांनी 'बघू तरी कोण कोण आहे' म्हणून ती यादी उघडली. तिचे नाव त्यात होते आणि तिने घरी किंवा कार्यालयात कोणालाच सांगितले नव्हते. तिने गट सोडला आणि काही महिन्यांनी नोकरीही. निरोपाच्या मुलाखतीत तिने लांबचा प्रवास हे कारण दिले.

आज पुन्हा करायचे झाले तर

निर्देशिकेतली ती यादी पहिल्या तासात बंद करायला हवी होती. मी ती अकराव्या दिवशी बंद करवली, कारण पहिले दहा दिवस मी ईमेल आणि त्याची उत्तरे वाचण्यात घालवले. मतांचा गलबला मोठा असतो आणि मध्यस्थाला त्यातच आपले काम आहे असे वाटते. ओळखपत्र टेबलावर ठेवणाऱ्या सहकाऱ्यांना मी सतराव्या क्रमांकावर भेटलो. त्यांना पहिल्यांदा भेटलो असतो तर प्रश्न कोणत्या क्रमाने सोडवायचे हे तेव्हाच कळले असते.

गटाला मान्यता देतानाच तीन कामे वेगळी केली असती तर फितीचा निर्णय आधार देणाऱ्या गटाच्या नावावर कधीच खपला नसता. 'ऐच्छिक' हा शब्द इतिवृत्तात लिहून कोणी थांबू नये. नाही म्हणणाऱ्याला नेमके कोणासमोर, काय करावे लागणार आहे, तेवढे एकदा टेबलाजवळ उभे राहून पाहावे.

माझी स्वतःची एक चूक याहून मोठी आहे. कोणाशी बोलायचे ते ठरवण्यासाठी पहिल्याच दिवशी मी मनुष्यबळ विभागाकडे गटाची सदस्ययादी मागितली. त्यांनी ती तत्परतेने छापली आणि ती प्रत मजल्यावरच्या सामायिक प्रिंटरवर बराच वेळ पडून होती. जे हवे आहेत त्यांनी आपणहून मला येऊन भेटावे, अशी सूचना लावली असती तरी काम झाले असते. तेवीसमधले चौदा जण तसेच आले होते. अहवाल देताना मी ती यादी परत केली आणि नष्ट केल्याची लेखी नोंद मागितली. ती नोंद मला अद्याप मिळालेली नाही.